सात बायकांची लोकर

बहारीनमधल्या सनद गावातल्या आमच्या घरात मराठी वाचायला पत्रकांशिवाय दुसरं काही नव्हतं. बाबा मुंबईत असताना परळच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आणि त्या छापखान्यात कामगारांची पत्रकं निघायची. इकडे बिऱ्हाड हलवताना आईने पितळेचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि देवसुद्धा त्याच पत्रकांत गुंडाळून आणले. सामान सोडवल्यावर ते कागद फेकणं बाबांच्या जिवावर आलं. त्यांनी एकेक कागद तळहाताने सरळ केला आणि सगळे पत्र्याच्या ट्रंकेत रचून ठेवले. माझी शाळा इंग्रजी, दुकानात हिंदी, रस्त्यावर अरबी. मी मराठी वाचायला शिकले ती त्या ट्रंकेतून. बाकीची मुलं राजाराणीच्या गोष्टी वाचून मोठी होतात, मी ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ वाचून झाले. चौदाव्या वर्षी मला ‘भोपळा’ लिहिताना अडायला व्हायचं, पण ‘पिळवणूक’ हा शब्द मी डोळे मिटून लिहिला असता. त्यातली वाक्यं मला पाठ होती. जिन्यावरून उतरताना मी ती मनातल्या मनात म्हणायची आणि शेवटच्या पायरीवर मूठ आवळायची.

बाबा मात्र इथे येऊन गप्प झाले होते. सलमाबादच्या प्रेसमध्ये ते साबणाच्या खोक्यांची आणि खजुराच्या डब्यांची लेबलं छापायचे. संध्याकाळी घरी आले की हाताला रॉकेलचा वास आणि काखेत रद्दी कागदाची गुंडाळी असायची. कडेला निळी पट्टी छापलेला तो जाड कागद मला अभ्यासाला मिळायचा. त्यावर काहीही लिहायची मुभा होती. अट एकच: घराबाहेर कागद न्यायचा नाही, कुठल्या भिंतीला काही चिकटवायचं नाही. “हे परळ नाही, उर्मे,” ते म्हणायचे. त्या दिवसांत आसपासच्या गावांतल्या भिंतींवर कुणीतरी सरकारविरुद्ध काहीतरी लिहून जायचं आणि सकाळी त्यावर ताजा रंग फासलेला असायचा. त्यावर कुणी मोठ्याने बोलत नसे. मला बाबांची शांतता भित्रेपणाची वाटायची. आता त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या मी पुढे गेले आहे, आणि ज्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो त्या माणसाला भित्रा म्हणायचं धाडस मला होत नाही.

आमच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांशेजारी एक खोली होती. तिथे सेकिनात राहायला आली. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर घट्ट रुमाल बांधलेली, चाळिशीची बाई. मनामातल्या एका गालिच्यांच्या दुकानात ती जुने गालिचे दुरुस्त करायची. दुकानाच्या मालकाला सगळे अरबाब म्हणायचे, म्हणून आम्हीही अरबाबच म्हणायचो. दुकानात जागा नव्हती म्हणून मोठं काम त्याने गच्चीवर पाठवलं होतं, आणि कामाबरोबर तिलाही. पहिल्याच संध्याकाळी ती मीठ मागायला आमच्या दारात आली. तिची हिंदी सिनेमांतून आली होती. तिच्या गावच्या थेटरात म्हणे आमचे सिनेमे महिना-महिना चालायचे. त्यामुळे साधं मीठ मागतानाही ती शपथ घेतल्यासारखी बोलायची. “बहन,” ती आईला म्हणाली, “तुम्हारा नमक मैं ज़िंदगी भर याद रखूँगी.” आईला हसू आवरेना. तिने मिठाबरोबर वाटीभर आमटी दिली.

“रशियन का तुम्ही?” बाबांनी विचारलं.

“पासपोर्ट रूसी,” ती म्हणाली. “मैं लेझगी.”

हा शब्द आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता. मी शाळेचा नकाशा काढला. त्यात कॉकेशसचा तपकिरी डोंगर होता, कास्पियन समुद्र होता, लेझगी मात्र कुठेच नव्हते. सेकिनातने बोट ठेवून नदी दाखवली. समूर. नकाशात ती केसाएवढीही नव्हती. नदीच्या एका काठाला तिचं गाव आणि पलीकडे बहिणीचं सासर. उन्हाळ्यात पाणी घोट्याला लागायचं तेव्हा लग्नाची माणसं चपला हातात धरून पलीकडे जायची. मग तो मोठा देश मोडला आणि एक काठ एका देशात, दुसरा दुसऱ्यात गेला. आता नदीवर शिपाई कागद मागत होते. मी पेन्सिलने त्या जागी ठिपका दिला. पेन्सिल बोथट होती, दोन्ही काठ मिळून एकच ठिपका बसला. सेकिनात तो बराच वेळ पाहत राहिली आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून वर गेली.

त्या बेटावर तिची भाषा बोलणारं दुसरं कुणी तिला सापडलं नव्हतं. म्हणून ती गालिच्याशी बोलायची. दुपारी शाळेतून आले की मी दप्तर टाकून गच्चीवर जायची. टाकीच्या सावलीत लाकडी चौकटीवर गालिचा ताणलेला असायचा आणि तिची सुई चालू असायची. त्या प्रकारच्या गालिच्याला सुमाख म्हणतात. त्यात गाठी नसतात. रंगीत धागा उभ्या ताण्यातल्या चार धाग्यांवरून पुढे जातो, दोन धाग्यांमागून वळसा घेऊन परत येतो. पुढे चार, मागे दोन. ती मोजायची, “कुद... क्वेद... कुद... क्वेद...” कुद म्हणजे चार, क्वेद म्हणजे दोन. आपण म्हणतो तसा तो ‘क’ नव्हे. घशाच्या तळाशी बाटलीचं बूच निघावं तसा तो फुटायचा. मी प्रयत्न केला की तिला हसू यायचं. “गला नहीं, पेट से,” ती म्हणायची. आईला ती ‘वाख’ म्हणायची, म्हणजे बहीण. मला ‘रुश’, म्हणजे मुलगी. तिची स्वतःची मुलगी माझ्याच वयाची होती आणि आजीजवळ, नदीकाठच्या त्या गावात राहत होती. गावातला गालिच्यांचा कारखाना देशाबरोबरच बंद पडला होता. त्या दोघी सेकिनातच्या बोटांवर जगत होत्या.

तो सुमाख जुना होता, आणि योगायोग असा की तिच्याच मुलखातला होता. गोदामातली पाण्याची नळी फुटून त्याची एक बाजू कुजली होती. सीफकडे तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एका हॉटेलच्या दिवाणखान्यासाठी अरबाबने तो देऊ केला होता. वेळेत आणि नीट झाला तर सेकिनातचा व्हिसा वाढणार होता, नाही तर परतीचं तिकीट. हे तिने आईला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. तिची अडचण लोकरीची होती. दुकानातली मशीनची लोकर तिला चालेना. “मरी हुई है,” म्हणायची. खाटीकखान्यातून तिने कच्च्या लोकरीची चार पोती मागवली, टाकीच्या पाण्याने धुतली, गच्चीभर वाळवली. गच्चीवर ढग उतरल्यासारखे दिसत होते, आणि वास मात्र असा होता की नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, नाकाला रुमाल लावून वर यायचा. आता ती सगळी लोकर हाताने मोकळी करायची, काटेकुसळं वेचायची, विंचरायची. एकटीला महिना लागला असता. तिच्याकडे आठ-दहा दिवस होते.

“हमारे गाँव में ऐसे टाइम मेल करते हैं,” ती म्हणाली.

मेल म्हणजे काय ते तिने चहा पिताना सांगितलं. कुणाचं घर बांधायचं असेल, गवत कापायचं असेल, लोकर पिंजायची असेल, तर त्या घरची बाई दारोदार सांगून येते. ठरलेल्या सकाळी सगळ्या येतात, काम करतात, गातात. मजुरी नाही. घरमालकीण पोटभर खायला घालते आणि उद्या दुसरीने बोलावलं की स्वतः जाते. पैसे द्यायला जाणं हा अपमान. सेकिनातने शुक्रवारची सकाळ ठरवली आणि इमारतीतल्या नऊही घरांत जाऊन प्रत्येक बाईला सांगून आली. पहिल्या मजल्यावरच्या श्रीवर्धनच्या हलीमाखालाने तर लगेच होकार दिला. “सकीना, मी येतंय गो, पण तुझ्या बोकडांचा वास घालव आधी!” ती तिला पहिल्या दिवसापासून सकीनाच म्हणायची.

माझ्या डोक्यात मात्र ट्रंक उघडली होती. गालिचा कुणाचा? अरबाबचा. विकणार कोण? अरबाब. आणि नऊ बायका फुकट राबणार! वेठबिगारी म्हणतात ती हीच, असं माझं ठाम मत झालं. गुरुवारी दुपारी मी निळ्या पट्टीचे कागद घेतले आणि स्केचपेनने पत्रक लिहिलं, वर हिंदीत, खाली इंग्रजीत. ‘बहनो!!’ अशी सुरुवात. तुम्ही ही लोकर कुणासाठी पिंजत आहात? मालकाने मदतनीस का नेमू नयेत? बिनमजुरीच्या कामाला नकार द्या. आणि शेवटी, ट्रंकेतल्या एका पत्रकावरून मनाशी घोळवलेलं माझं आवडतं वाक्य: काम हातात आहे तोवरच मालक ऐकतो. दहा प्रती काढल्या, एक माझ्यासाठी. आई बाजारात गेली होती. मी प्रत्येक दाराखालून एकेक सरकवली, आमच्याही, कारण तत्त्व म्हणजे तत्त्व.

शुक्रवारी सकाळी आईने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि ती स्वयंपाकघरात पाठमोरी बसून राहिली. मी गच्चीवर गेले. संप यशस्वी झाला की नाही ते पाहायचं होतं.

झाला होता. गच्चीवर धुतलेल्या चादरी अंथरलेल्या, त्यावर लोकरीचे नऊ ढीग, प्रत्येक ढिगाशेजारी पाण्याचा पेला. मधोमध परातीत फडक्याखाली अफार रचलेले. पातळ पोळीत शेपू, पालक आणि कांद्याची पात भरून तव्यावर भाजायची आणि वरून लोणी फिरवायचं, तो अफार. आईचाच तवा तिने नेला होता. पहाटेपासून उभी राहून तिने पन्नासेक तरी केले असतील. शेजारच्या खजुरांच्या बागेतून पाणी सोडल्याचा आवाज येत होता. चादरींवर कुणीही नव्हतं. सेकिनात एकटी एका ढिगापाशी बसून लोकर मोकळी करत होती आणि काहीच मोजत नव्हती.

“तुम आया,” ती म्हणाली. तिच्या तोंडावर असा आनंद पसरला की मला मान वर करवेना. तिने फडकं उचलून एक अफार माझ्या हातात दिला. मी खाल्ला. लोणी मनगटावरून ओघळलं. तो पहिला घास मला अजून आठवतो, कारण तो गिळताना माझ्या लक्षात आलं की मेलचं खाल्लं म्हणजे मी कामाला आले आहे. मी बसले. लोकर हातात घेतली. दोन्ही हातांनी ओढली की तिच्यातून काटे, वाळू आणि कुठल्यातरी माळावरचं गवत पडत होतं. तासभर आम्ही दोघी तशाच बसलो. जिन्यावर जरा खुट्ट झालं की ती मान वळवून पाहायची. चौथ्यांदा तिने मान वळवली तेव्हा मी रडायला लागले आणि सगळं सांगितलं. एक प्रत माझ्या खिशात होती.

“पढ़ो,” ती म्हणाली.

मी वाचलं. बोलायला ती सिनेमातून शिकली होती, पण देवनागरी तिला येत नव्हती. ‘बिनमजुरी’ समजावून सांगितलं, ‘मालक’ तिला माहीतच होता. सगळं ऐकून तिने लोकर खाली ठेवली. मी मार खायच्या तयारीने बसले होते.

“सच लिखा है,” ती म्हणाली. “अरबाब के बारे में सब सच.” मग तिने सांगितलं की तिच्या कारखान्यातही चारी भिंतींवर असेच कागद होते. लाल, मोठ्या अक्षरांचे. तीही त्यांच्याखाली बसून मोठी झाली. त्यांतली पुष्कळ वाक्यं खरी होती. “लेकिन किसी ने हमको पूछा नहीं. तुम भी नहीं पूछा.” लोकर पुन्हा हातात घेत ती म्हणाली, “मेल गालिचा के लिए नहीं होता, रुश. मेल मेरे लिए है. मैं अकेली हूँ, इसलिए.”

मी आजवर पुष्कळ लिहिलं आहे, त्यातलं बरंच कुणाच्या ना कुणाच्या बाजूने. आजही ज्याच्याविषयी लिहिते त्याला आधी वाचून दाखवते. लोकांना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो. संपादक वैतागतात.

तिने मला काही करायला सांगितलं नाही. मीच उठले. तिच्या गावात मुली दारोदार जाऊन ओरडतात असं तिने सांगितलं होतं, “मेलेझ शा!” म्हणजे मेलला या. मी प्रत्येक दारावर थाप मारली आणि आधी म्हणाले, कागद मी लिहिला होता, परत द्या. मग म्हणाले, मेलेझ शा. हलीमाखालाने दार चार बोटंच उघडलं.

“ह्यो कागद तुझा? अगो पोरी, मना वाटला कुठल्या भिंतीवरचा हाय! आमचे हे बोल्ले, दार लाव, कुणाकडं जाऊ नको, उद्या पोलीस येतील.” मग कागद माझ्या हातात कोंबत म्हणाली, “आणि तिच्याकडनं मजुरी कोण मागतंय गो? माझ्या भावजयीच्या बाळंतपणात मी काय बिल लावलंव?”

तेव्हा मला कळलं की माझ्या पत्रकातलं एकही वाक्य कुणाला पटलं नव्हतं. बायका घाबरल्या होत्या, एवढंच. माझा संप भीतीने यशस्वी केला होता. वरच्या मजल्यावरच्या केरळच्या नर्सबाईंनी कागद चुरगळून कचऱ्यात टाकला होता, तो काढून दिला. दोन घरं उघडलीच नाहीत, पण कागद दाराखालून बाहेर आले. शेवटी आमचं दार. आईने पिठाच्या डब्याखालून आमची प्रत काढली. “अक्षर ओळखलं होतं मी,” ती म्हणाली. “तू वर जातेस की नाही तेवढं बघत होते.” तिने पदर खोचला आणि माझ्या पुढे जिना चढायला लागली.

सात जणी आल्या. आईला कोथिंबीर निवडायची सवय, तिचा ढीग सगळ्यांत आधी संपला. हलीमाखालाने लग्नातली गाणी सुरू केली, नर्सबाईंनी त्यांची, आणि मग सेकिनातने तिच्या भाषेतलं एक गाणं म्हटलं. त्यातलं अक्षरही कुणाला कळलं नाही, पण दुसऱ्या कडव्याला सगळ्या ताल धरत होत्या. वर्षभरात पहिल्यांदा ती गालिचा सोडून माणसांसमोर लेझगी बोलत होती. अफार संपत आले तेव्हा बाबा वर आले. माझ्या हातातल्या गठ्ठ्याची निळी पट्टी पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्या पट्टीवरून कुणीही सलमाबादच्या प्रेसपर्यंत आलं असतं. त्यांनी एक प्रत उलगडून वाचली, पूर्ण.

“मजकूर बरा आहे,” ते म्हणाले. “पण ‘बहनो’ला दोन उद्गारचिन्हं कशाला? एकाने काम होतं.”

मग ते चादरीच्या कडेला बसले आणि खिळे जुळवणाऱ्या त्या बारीक बोटांनी प्रत्येक कागदाच्या घड्या घालू लागले, आठ पदरी, चौकोनी. विंचरलेल्या लोकरीचा जो थोडा धागा सेकिनातने चातीवर काढला होता, त्याचा गुंडा वळायला तिला गाभा हवा होता. तिने पहिला कागद घेतला आणि त्यावर धागा गुंडाळायला लागली.

दुपारच्या नमाजानंतर अरबाब आला, तोवर शेवटचा कागदही धाग्याखाली गेला होता. पांढऱ्याशुभ्र पायघोळ झग्यातला, घामेजलेला, थोडा थकलेला माणूस. नातूरने त्याच्या कानावर घातलं होतं. “कसला कागद?” त्याने हिंदीत विचारलं. “कुणी वाटला?”

बायकांचे हात लोकरीवर चालूच राहिले.

“कागद मफी, कसला कागद नाय, अरबाब,” हलीमाखाला म्हणाली आणि हातातला गुंडा चादरीवर ठेवला. “लोकर हाय. बघा.”

तो गालिच्याकडे वळला, दुरुस्त झालेल्या भागावरून बोटं फिरवली, आणि त्याचा चेहरा निवळला. काम सुंदरच होतं. मग सेकिनात उठली. तिने गालिच्याच्या कडेची वीतभर जागा दाखवली आणि सांगितलं की बाकीचं सगळं ठरल्या दिवसांत होईल, एवढी जागा मात्र पासपोर्टवर व्हिसा लागून आला की भरेन.

“इंशाल्ला, इंशाल्ला,” अरबाब म्हणाला.

“इंशाल्ला अच्छा है,” सेकिनात म्हणाली. “पासपोर्ट भी अच्छा है.” आणि माझ्याकडे न पाहता, सिनेमातल्या त्या भारदस्त आवाजात: “काम हाथ में है, तब तक मालिक सुनता है.”

सात बायका आपापल्या ढिगावरून त्याच्याकडे पाहत होत्या. जाताना त्याने परातीतला उरलेला अफार उचलला आणि खात खात जिना उतरला.

पासपोर्ट पाचव्या दिवशी आला, दोन वर्षांचा व्हिसा लागून. वीतभर जागेतल्या शेवटच्या ओळीची सुई तिने माझ्या हातात दिली. मी पोटातून मोजलं, कुद, क्वेद, आणि ती हसली नाही. त्या दोन वर्षांत तिने मुलीला एकदा महिनाभर आणलं. आम्ही दोघी गच्चीवर बसून एकमेकींना आकडे शिकवायचो.

बाबांची नोकरी सुटून आम्ही परत निघालो तेव्हा सामान बांधायला चारच दिवस होते. आईने कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या सकाळी दारावर थाप पडली. बाहेर सेकिनात आणि तिच्यामागे हलीमाखाला, नर्सबाई, सगळ्या. “मेल,” ती म्हणाली आणि आत आली. डबे आणि बरण्या त्यांनी पुन्हा ट्रंकेतल्या पत्रकांत गुंडाळल्या. निघताना तिने माझ्या हातात त्या शुक्रवारच्या पांढऱ्या लोकरीचा एक गुंडा ठेवला.

तो माझ्या टेबलावर आहे. जरा पिवळा पडला आहे, वास अजून आहे. त्याच्या पोटात आठ पदरी घडी घातलेला निळ्या पट्टीचा कागद आहे. माझं पहिलं पत्रक, आणि त्याची उरलेली ही एकच प्रत. ते तेव्हा मी नेमकं कसं लिहिलं होतं ते पाहायची इच्छा मला अनेकदा झाली आहे. पण त्यासाठी ती लोकर सोडावी लागेल, आणि ती पिंजायला सात बायका बसल्या होत्या. त्यांना विचारल्याशिवाय मी ती सोडणार नाही.